‘परवा दाखवा’ म्हणायचं राहिलं

माझा डोळा पक्का आहे, असं मला वाटायचं. निवासी डॉक्टर असताना नवजात बाळांच्या वॉर्डात आमची पैज लागायची. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचलायचं, खालच्या कातडीचा रंग बघायचा. मग छाती, पोट, मांडी, शेवटी तळपाय. नवजात बाळाची कावीळ वरून खाली उतरते. जितकी खाली उतरलेली, तितका रक्तातल्या बिलिरुबिनचा आकडा मोठा. क्रेमर यांनी 1969 मध्ये हा हिशेब मांडला आणि ठिकठिकाणच्या वॉर्डांनी तो उचलला. आम्ही आपापला आकडा बोलायचो आणि लॅबचा कागद आला की ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला, त्यानं चहा पाजायचा. मला चहाचे पैसे क्वचितच द्यावे लागले.

त्या चहाची किंमत पुढं दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

1990च्या दशकात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला. आसपासच्या प्रसूतिगृहांतून बाळ बघायला बोलावणं यायचं. बाळंतीण काळजीत, तिची आई तिच्याहून काळजीत. मी नाक दाबायचो, छाती दाबायचो आणि हसून सांगायचो, ‘‘अहो, दहांतल्या सहा बाळांना होते ही कावीळ. कोवळ्या उन्हात धरा, अंगावर भरपूर पाजा. जाईल.’’ असा डॉक्टर लोकांना आवडतो. उगाच तपासण्या लिहीत नाही, घाबरवत नाही, लवकर घरी सोडतो.

यात खोटं काहीच नव्हतं. पूर्ण दिवसांच्या दहांतल्या सहा बाळांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा येतो, अपुऱ्या दिवसांच्या दहांतल्या आठांना. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात आणि त्यांतून बिलिरुबिन तयार होतं. तोवर ते बाहेर टाकायचं काम वारेतून आईकडं जात होतं. आता बाळाच्या यकृतानं करायचं, आणि त्याचा हात अजून बसलेला नसतो. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत कावीळ चढते आणि मग आपोआप उतरते. बहुतेकांची. मी ‘बहुतेकांची’ हा शब्द गाळून बोलायचो.

1998 मध्ये, ऊसतोडीच्या हंगामात, असंच एक बाळ पाहिलं. मुलगा, पहिलटकरणीचा, वजन छान, जन्मून चाळीसेक तास झालेले. चेहरा पिवळा, छातीही. आईचा रक्तगट ओ, हे केसपेपरवर लिहिलेलं होतं. बाळाचा कुणी तपासला नव्हता. मीही मागितला नाही. नाक दाबलं, छाती दाबली, मनाशी आकडा बांधला आणि नेहमीचं वाक्य बोललो. त्यांना त्याच दुपारी घरी सोडलं. वाडी बारा किलोमीटरवर होती.

सहाव्या दिवशी रात्री साडेनऊला ते परत आले. दोन दिवस बाळ नीट ओढत नव्हतं. घरच्यांना वाटलं, शांत आहे, गुणी आहे. मग त्याचं रडणं बदललं, बारीक आणि टोकदार झालं, आणि संध्याकाळी ते पाठीतून मागं वाकायला लागलं, धनुष्यासारखं. मी बाळ हातात घेतलं तेव्हा नाक दाबायची गरज नव्हती. तळपायांपर्यंत हळदीसारखं पिवळं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रीत रक्त बदललं. त्याआधी केलेल्या तपासणीचा आकडा होता 34.

बाळ जगलं. त्याचा रक्तगट बी निघाला. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असला, तर काही बाळांमध्ये आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या पेशी फोडत राहतात. चाळिसाव्या तासाला छातीपर्यंत पोचलेली कावीळ म्हणजे घाईत निघालेली कावीळ, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण त्या दिवशी मी रंग पाहिला आणि घड्याळ पाहिलं नाही.

बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून फिरतं. एसटीत जागा आहे तोवर सगळे बसून जातात. गाडी भरली की उरलेले टपावर चढतात. असे सुटे राहिलेले रेणू मेंदूत शिरतात आणि काही ठरावीक केंद्रकांना पिवळं करतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी 1904 मध्ये त्याला केर्निक्टेरस हे नाव दिलं, म्हणजे केंद्रकांची कावीळ. हालचालींना वळण लावणारी आणि ऐकू आलेलं पुढं पोचवणारी केंद्रकं यात सापडतात. बुद्धी पुष्कळदा शाबूत राहते. आईबापांना हे सांगताना मी ते दिलासा म्हणून सांगायचो. सगळं कळतंय, पण हात ऐकत नाहीत आणि शब्द फुटत नाही, हा दिलासा नव्हे, हे पुढं कळलं.

त्या रात्रीनंतर मी बदललो, आणि आता वाटतं, चुकीच्या दिशेनं बदललो. मी आकड्याला घाबरायला लागलो.

माझा आकडा होता वीस. वीस मिलिग्रॅम ओलांडले की रक्त बदलायचं, ही रेघ आमच्या पिढीच्या मनावर कोरलेली होती. ती आली कुठून? 1952 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ऱ्हीसस विजोडानं आजारी बाळांचा अभ्यास छापला. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, पेशी धडाधड फुटताहेत, अशी ती बाळं. त्यांच्यात वीसच्या वर मेंदूला धोका वाढत होता. पुढं ती रेघ धडधाकट, अंगावर पिणाऱ्या बाळांनाही लागू झाली. 1983 मध्ये वॉचको आणि ऑस्की या दोघांनी या भीतीला नावच दिलं, ‘व्हिजिन्टिफोबिया’, म्हणजे विसाची धास्ती. लॅटिनमध्ये विसाला ‘व्हिजिन्टी’ म्हणतात. मी तो लेख वाचला होता, हसलो होतो आणि 1998 नंतर स्वतःच त्या धास्तीचा रोगी झालो.

पिवळं दिसेल त्या बाळाला लाईटखाली ठेवायला लागलो. बारा असो, तेरा असो. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आई दाराबाहेर. गावात बोलबाला झाला, ‘या डॉक्टरांकडं गेलं की पेटीत ठेवतात.’ अंगावरच्या दुधानं कावीळ लांबते असं कळलं, तर दोन-दोन दिवस अंगावरचं बंद करून वरचं सुरू करायचो. त्यातल्या काही आयांचं दूध परत पुरतं उतरलंच नाही. त्यांचं मी काय केलं, हे माझ्या कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

आणि तो लाईट तरी कसला? या उपचाराची गोष्ट मला आवडते, म्हणून सांगतो. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. ऊन पडलं की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकं आणि एक तुकडा पिवळाधमक; चादरीचं टोक तिथं येत होतं, त्यामुळं ऊन पोचलं नव्हतं. त्याच रुग्णालयात रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहिली, आणि तिच्यातलं बिलिरुबिन भलतंच कमी निघालं. त्यातून क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी 1958 मध्ये दिव्यांचा पाळणा तयार करून प्रसिद्ध केला (हा क्रेमर निराळा, चहाच्या पैजेवाला नव्हे). उजेडातला निळा भाग, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा, बिलिरुबिनच्या रेणूचा आकार पालटतो. मग ते यकृताच्या मदतीवाचून पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू शकतं.

म्हणजे कोवळ्या उन्हाचा आजीबाईंचा सल्ला पोकळ नव्हता. पण उन्हाला माप नाही. खिडकीतून आत येणाऱ्या तिरिपीत दुपट्यात गुंडाळून धरलेल्या बाळाला पोचतं किती? आणि उघडं धरलं तर ते गारठतं किंवा भाजतं. नायजेरियात यावर एक युक्ती निघाली. खास पडद्यांतून ऊन गाळून घ्यायचं, घातक किरण आणि उष्णता अडवायची आणि मापून बाळाला द्यायचं. 2015 मध्ये छापलेल्या त्या चाचणीत गाळलेलं ऊन नेहमीच्या दिव्यांच्या तोडीचं ठरलं. माझ्या दवाखान्यात मात्र मी उन्हाला हसत होतो आणि माझ्या नळ्या जुन्या होत चालल्या होत्या. एका कंपनीच्या माणसानं मापक आणून त्या उजेडाची ताकद मोजली, तेव्हा ती जेमतेम निघाली. खोलीभर निळा उजेड होता, बाहेरून बघणाऱ्याला उपचार चाललाय असं वाटायचं. मलाही वाटायचं.

धास्तीपायी केलेली सगळ्यात मोठी चूक अजून सांगायची आहे. पाच दिवसांचं, ठणठणीत, नीट पिणारं बाळ, रक्तगटाची भानगड नाही, आकडा साडेवीस. आजचे नियम बघता त्याला चांगल्या ताकदीच्या उजेडाखाली ठेवून काही तासांनी पुन्हा मोजलं असतं तर पुरलं असतं. मी जिल्ह्याच्या मित्राला सोबत घेऊन त्याचं रक्त बदलायचा हट्ट धरला. बेंबीच्या शिरेतून नळी घालायची, दहा-दहा मिलिलिटर काढायचं, तेवढंच दात्याचं घालायचं. बाळाच्या अंगात जेवढं रक्त, त्याच्या दुप्पट, म्हणजे किलोमागं साधारण 160 मिलिलिटर अदलाबदल होईपर्यंत. निम्म्यावर असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले आणि थांबल्यागत झाले. आम्ही ते परत आणलं. बाहेर त्याचे वडील माझे पाय धरायला आले, डॉक्टरांनी वाचवलं म्हणून. कशातून वाचवलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

2006 मध्ये एका अमेरिकी शोधनिबंधावर नजर पडली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेत 1995 ते 1998 या काळात जन्मलेली एक लाखाहून अधिक बाळं. त्यांतली 140 अशी, की बिलिरुबिन 25 किंवा त्याहून वर गेलं. दहा जणांचं तर तिशी पार. त्यांना आणि तुलनेसाठी निवडलेल्या 419 बाळांना न्यूमन आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांचं होईपर्यंत मागं जाऊन-जाऊन तपासलं. बुद्धीच्या चाचण्यांत, मज्जासंस्थेच्या तपासणीत, वागण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. रक्त फक्त पाच जणांचं बदललं होतं. बाकी बहुतेकांना उजेडच. फक्त एक इशारा होता. ज्यांच्या पेशी आईच्या प्रतिपिंडांमुळं फुटत होत्या, त्या मुलांचे बुद्धीचे गुण सरासरीनं कमी आले.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. 25 च्या वर आणि काही झालं नाही? माझ्या डोळ्यांसमोर 34 आकड्याचं धनुष्य झालेलं बाळ. ‘त्यांचं ठीक आहे, अमेरिका आहे,’ म्हणून मी अंक बाजूला टाकला. पण ‘अमेरिका आहे’ म्हणजे नेमकं काय आहे, हा प्रश्न काही मला सोडेना. तिथल्या बाळांचा मेंदू काही वेगळ्या मातीचा नसतो. मग मी निबंध पुन्हा वाचला, यावेळी निष्कर्ष सोडून. त्या मुलांचा आकडा वर गेला होता खरा, पण तो लगेच मोजला गेला आणि उपचार मिळताच भराभर उतरला. गाडी भरली होती, पण टपावर चढलेल्यांना पुढच्याच थांब्यावर उतरवलं गेलं.

मग मी माझ्याच जुन्या फायली काढल्या. याला अभ्यास म्हणणार नाही. कपाटातले गठ्ठे, वाळवी लागलेले काही, पत्ते जुने. ज्या बाळांचा आकडा मोठा गेला होता त्यांच्या घरी दर रविवारी स्कूटरवरून जायला लागलो. मोठे आकडे असलेली मुलं शाळेतून पळत आली, माझ्याकडं बघून लाजली, अंगणात परत गेली. ज्याचं रक्त बदलण्याचा हट्ट मी धरला होता, तो झाडावर चढलेला सापडला. आणि शेवटी, खूप दिवस टाळून, मी त्या बारा किलोमीटरवरच्या वाडीत गेलो.

मुलगा दहा वर्षांचा होता. खाटेवर बसलेला, हात आपल्याच मर्जीनं वळवळत होते, मान सरळ ठरत नव्हती. नजर वर जात नव्हती म्हणून त्यानं मला बघायला अख्खं डोकं मागं टाकलं. कानांत यंत्र होतं. त्याच्या आईनं सांगितलं, आवाज येतो पण बोलणं उमगत नाही. बेरा ही ऐकण्याची तपासणी त्यांनी कुणीतरी सांगितल्यावर, तीन वर्षांचा झाल्यावर करून घेतली होती. मी सांगितली नव्हती. अंगणातल्या मातीत त्यानं पायाच्या अंगठ्यानं बेरीज करून दाखवली. बरोबर होती.

मी माफी मागायला गेलो होतो. बोलता येईना म्हणून म्हणालो, ‘‘मी तेव्हा रक्त तपासायला हवं होतं.’’ त्याची आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘डॉक्टर, ते आम्हाला काय कळणार? पण तुम्ही परवा दाखवा म्हणाला असता, तर आम्ही आलो असतो.’’ आवाजात राग नव्हता. ती फक्त सांगत होती की बैलगाडी होती, रस्ता होता, दोन दिवस हाताशी होते.

माझं मत बदललं ते त्या वाक्यानं. शोधनिबंधानं फक्त मला तिथवर नेलं. पहिल्यांदा मी रंगावर विश्वास ठेवला, मग आकड्यावर. दोन्ही वेळा विसरलो की ही चढत जाणारी गोष्ट आहे, आणि चढणाऱ्या गोष्टीला एकदा बघून भागत नाही. फिलाडेल्फियात काम करणाऱ्या विनोद भूतानींनी 1999 मध्ये जो तक्ता छापला, त्यात आडव्या रेषेवर दिवस नाहीत, तास आहेत. तिसाव्या तासाला 12 म्हणजे धोका. तेच 12 चौथ्या दिवशी म्हणजे घरी जा, दूध पाजा. हा तक्ता कित्येक वर्षं माझ्या भिंतीवर होता. मी त्यातला उभा आकडा वाचायचो.

अमेरिकेचीही दुसरी बाजू होतीच. 1992 ते 2004 या काळात तिथं केर्निक्टेरस झालेल्या 125 बाळांची नोंद एका यादीत झाली. ती बहुतेक बाळं ठणठणीत म्हणून घरी पाठवलेली होती आणि पुढच्या काही दिवसांत मेंदूची लक्षणं घेऊन परत आली. म्हणजे माझ्या वाडीतल्यासारखीच. एकाच देशात 25 पार गेलेली मुलं धडधाकट वाढली आणि घरी सोडलेली मुलं जायबंदी झाली. अंतर पडलं ते पिवळं दिसल्यापासून कुणीतरी मोजेपर्यंतच्या तासांत. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा उजेडाखाली ठेवायची रेघ थोडी वर नेली, म्हणजे माझ्यासारख्यांची धास्ती कमी केली. आणि त्याच कागदात, आकडा रेघेपासून किती दूर आहे त्यावरून बाळ पुन्हा कधी बघायचं, हेही ठरवून दिलं.

आपल्याकडं ते दिवस नेमके अडचणीचे असतात. कावीळ सर्वांत वर असते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि तेव्हा बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. पाचवीची पूजा व्हायची असते. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, त्याच रात्री. खोली अंधारी, शेगडीचा धूर, पिवळा बल्ब, बाळाच्या अंगाला हळद-तेल. अशा खोलीत कावीळ कुणाला दिसणार? ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यांना डांबर गोळ्यांचा वास. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी, त्या बाळांच्या पेशी तेवढ्यानंही फुटू शकतात. हे सगळं मी आता घरी सोडण्याआधी आजीशी बोलतो. आई ओ गटाची किंवा निगेटिव्ह असेल तर नाळेच्या रक्तातून बाळाचा गट काढतो. निगेटिव्ह आईला बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांच्या आत इंजेक्शन, पुढच्या बाळासाठी. सावळ्या कातडीवर डोळा हमखास फसतो, म्हणून कपाळाला लावायचं मीटर घेतलं; ते जास्त दाखवायला लागलं की रक्त तपासतो. अंगावरचं दूध बंद करत नाही. पंधरवडा उलटूनही पिवळेपणा राहिला किंवा शी पांढुरकी झाली, तर तो निराळाच आजार असू शकतो, आणि त्यालाही तारीख असते.

एक वही ठेवली आहे. मीटर लावण्याआधी मी नाक दाबतो, छाती दाबतो, माझा अंदाज वहीत लिहितो आणि मग मीटरचा आकडा शेजारी. कधी जुळतो. कधी चार-पाचनं चुकतो, आणि चूक बहुधा कमी सांगण्याची असते. चहाच्या पैजेत हरलो असतो तर बरं झालं असतं, असं ती वही वाचताना वाटतं.

ऊसतोडीच्या कोप्यांवरून येणाऱ्या बायांना ‘परवा या’ म्हणून भागत नाही; परवा त्यांचा फड दुसऱ्या शिवारात असतो. त्यांना म्हणून विचारतो, परवा तुम्ही कुठं असाल? तिथल्या आशाताईंना फोन करतो. कधी लागतो, कधी नाही.

आणि एक रबरी शिक्का करून घेतला आहे. ‘पुन्हा दाखवणे’ असं लिहिलेलं, खाली दोन मोकळ्या जागा: वार आणि वेळ. आज्या अजून विचारतात, ‘‘उन्हात धरू का?’’ मी म्हणतो, दाराशी बसा, पण उपचार म्हणून धरू नका. मग घाईत सही करून कागद पुढं सरकवतो. आमच्या सिस्टर तो घेत नाहीत. मोकळ्या जागांवर बोट ठेवून माझ्यासमोर परत सरकवतात आणि मी वार लिहीपर्यंत उभ्या राहतात.